फिलिपिन्सचे होसे लॉरेल देशभक्त होते की फितूर?

तुमचा प्रश्न असा की, जपान्यांच्या ताब्यातल्या फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष होसे लॉरेल यांना फितूर म्हणायचं का. मी म्हणणार नाही. पण तसं म्हणताना एक नाव दरवेळी आडवं येतं, ते पुढे सांगतो.

लॉरेल हाडाचे वकील. जन्म १८९१चा, बातांगास प्रांतातल्या तानावानचा. तरुणपणी एका मुलीवरून झालेल्या मारामारीत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चाकू मारला. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, पण १९१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षण मानून सोडलं. पुढे येलची डॉक्टरेट मिळवून १९३६ मध्ये ते त्याच न्यायालयात न्यायमूर्ती झाले! १९४० मध्ये खुनाच्या आरोपातून फर्डिनांड मार्कोसला सोडणारा निकालही त्यांनीच लिहिला. हो, तोच मार्कोस, पुढचा हुकूमशहा.

डिसेंबर १९४१ मध्ये जपानी फौजा मनिलाकडे येऊ लागल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्ष केसॉन शहर सोडून गेले. लॉरेलना त्यांनी मागे राहायला सांगितलं. जपान्यांशी बोलायला कुणीतरी हवं होतं, आणि ते काम धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं असं होतं. सरन्यायाधीश होसे आबाद सांतोस यांनी मात्र जपान्यांच्या हाती लागल्यावर सहकार्याला साफ नकार दिला. मे १९४२ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. आडवं येणारं नाव हेच. दुसरा मार्ग होता, फक्त त्याची किंमत जीव होती.

लॉरेलही मरता मरताच वाचले. जून १९४३ मध्ये वॅक वॅकच्या मैदानावर गोल्फ खेळताना त्यांना गोळ्या लागल्या. मारणारे त्यांचेच देशबांधव, जपान्यांशी लढणारे गनिमी लढवय्ये. चार महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, ते राष्ट्राध्यक्ष झाले. नोव्हेंबरमध्ये जपानचा पंतप्रधान तोजो याने टोकियोला भरवलेल्या, जपानच्या बाजूच्या आशियाई सरकारांच्या परिषदेत ते होते. सुभाषबाबू तिथे निरीक्षक म्हणून हजर होते. पण सुभाषबाबू स्वतःहून जपानकडे गेले होते, लॉरेलच्या घरात जपान घुसला होता. दोघांना एका मापाने मोजू नये.

माझं मत ठरलं ते सप्टेंबर १९४४च्या घोषणेवरून. जपानचा दबाव वाढला तसं लॉरेलनी अमेरिका आणि ब्रिटनशी 'युद्धस्थिती अस्तित्वात आहे' असं जाहीर केलं. युद्ध पुकारलं, पण सक्तीची सैन्यभरती केली नाही. जपानसाठी लढायला त्यांच्या सरकारने एकही फिलिपिनो पोरगा जबरदस्तीने धाडला नाही. वैतागलेल्या जपान्यांना डिसेंबरमध्ये जपानधार्जिण्या फिलिपिनोंची 'माकापिली' नावाची वेगळी सशस्त्र संघटना उभी करावी लागली. वकिली डोकं कुठे कामी यावं, तर इथे. बाकी त्यांच्या राज्यात लोक तांदळासाठी तडफडत होते, नोटांना कागदाची किंमत राहिली नव्हती, आणि ते थांबवण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. हेही खरंच.

१९४५ मध्ये जपान्यांनी त्यांना जपानला नेलं. शरणागतीनंतर अमेरिकेने पकडून सुगामो तुरुंगात ठेवलं. मायदेशी परतल्यावर देशद्रोहाचे १३२ आरोप लागले, पण १९४८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रोहास यांनी सार्वत्रिक माफी दिली आणि खटला निकालाशिवाय संपला. १९४९ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक ते किरिनोंकडून हरले. १९५१ मध्ये सिनेटला उभे राहिले, तेव्हा देशात सगळ्यात जास्त मतं त्यांनाच पडली. युद्ध संपून जेमतेम सहा वर्षं झाली होती, आणि मत देणारे तेच लोक होते.