पहिला आला, तरी सार्वमत का नाही?

प्रश्न : २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये गीर्ट विल्डर्स यांचा पीव्हीव्ही पक्ष पहिला आला. युरोपीय संघ सोडायचा का, यावर सार्वमत घेऊ, असं त्याच्या जाहीरनाम्यात होतं. पक्ष सत्तेतही आला. मग सार्वमत कुठे अडलं?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : पहिली गाठ मतमोजणीतच आहे. संसदेच्या खालच्या सभागृहात १५० जागा. जागा वाटताना अख्ख्या देशाची मतं एकत्र धरतात. एकूण वैध मतं भागिले १५०, हा एका जागेचा भाव. २०२३ मध्ये तो सुमारे ७० हजार मतांचा होता. आपल्या इंदुरात २०२४ च्या लोकसभेला ‘नोटा’ला २,१८,६७४ मतं पडली आणि वाया गेली, नेदरलँड्समध्ये एखाद्या पक्षाला एवढी पडली असती तर तीन खासदार आले असते. म्हणूनच सभागृहात पंधरा पक्ष, आणि पहिल्या आलेल्या पीव्हीव्हीला जागा फक्त ३७. बहुमताला ७६ लागतात.

मग व्हीव्हीडी (२४), एनएससी (२०) आणि बीबीबी (७) या तीन पक्षांना सोबत घेतलं, बेरीज ८८. या तिघांपैकी एकालाही संघ सोडायचा नव्हता. मे २०२४ च्या युती-करारात सार्वमताची ती मागणी आलीच नाही. पंतप्रधानपदही विल्डर्सना मिळालं नाही. तिथे कोणत्याही पक्षाचे नसलेले डिक शूफ आले. तिकडच्या बातम्या वाचताना जाहीरनाम्यापेक्षा हा करार वाचावा, जास्त कळतं.

मित्रपक्ष राजी झाले असते, तरी पुढे कायदा आडवा येतो. २००५ मध्ये युरोपीय संघाच्या प्रस्तावित राज्यघटनेला ६१.५ टक्के डच मतदारांनी नकार दिला, ते सार्वमत सल्ल्यापुरतं होतं. २०१६ चं, युरोपीय संघाच्या युक्रेनशी झालेल्या करारावरचंही तसंच. नकार मिळूनही सरकारने थोडी शब्दांची मलमपट्टी करून करार मंजूर केलाच. ज्या कायद्याखाली ते घेतलं, तो २०१८ मध्ये रद्द झाला. बंधनकारक सार्वमत हवं तर देशाची राज्यघटना बदलायची : आधी दोन्ही सभागृहांत साधं बहुमत, मग खालच्या सभागृहाची निवडणूक, मग दोन्हीकडे दोन-तृतीयांश. वरच्या सभागृहाचे ७५ सदस्य मुख्यतः प्रांतिक सभा निवडतात, त्यामुळे एका निवडणुकीच्या लाटेने तिथलं चित्र बदलत नाही.

हाती काय लागलं? युरोपच्या आश्रय-धोरणातून (निर्वासितांना थारा देण्याच्या नियमांतून) सूट मागणारं सरकारचं एक पत्र, सप्टेंबर २०२४ मध्ये. डेन्मार्क आणि आयर्लंडकडे अशा सवलती आहेत, पण त्या युरोपीय संघाचे करार ठरतानाच पदरात पाडून घेतलेल्या. आता त्यासाठी करार उघडावा लागेल आणि सत्तावीसही देशांची संमती लागेल. पत्र तिथेच थांबलं. ३ जून २०२५ ला आश्रयाच्याच प्रश्नावर पीव्हीव्ही बाहेर पडली आणि सरकार कोसळलं.

प्रश्न : २०२५ मध्ये डी-६६ हा पक्ष पुढे आला. तो नवा आहे का? युरोपबद्दल त्याचं म्हणणं काय?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नवा नाही, नावातला ६६ म्हणजे स्थापनेचं साल १९६६. रॉब येटन यांच्या नेतृत्वाखाली २०२५ च्या निवडणुकीत तो ९ जागांवरून २६ वर गेला. पीव्हीव्हीही २६ वरच थांबली. दोघांत फरक जेमतेम तीस हजार मतांचा. एनएससी मात्र २० वरून शून्यावर. डी-६६ उघड युरोपवादी : संरक्षणात एकत्र काम, आणि परराष्ट्र धोरणात एकट्या देशाचा नकाराधिकार नको. पण नकाराधिकार काढायलाही सगळ्या देशांचा होकार लागतो. सूट मागणाऱ्या त्या पत्राची जी अडचण, तीच येटन यांच्याही वाटेत आहे.