अलिबागला एकाच रात्रीसाठी जाताय?

पहिल्यांदाच जाताय ना, मग गाडी घरीच ठेवा. मुंबईत गेटवेहून मांडव्याची लाँच पकडा. पुढची अलिबागपर्यंतची बस बहुतेक लाँचच्या तिकिटातच येते. पावसाळ्यात मात्र लाँच बंद.

हॉटेलच्या आधी तिथी बघा! अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी हवी. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला भरती साधारण तीनला, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान असते, पाणी नीट ओसरत नाही. तेव्हा चालायचा हट्ट नको. पट्ट्याची सँडल घाला, खडकांवर शेवाळ असतं. आत गणपतीचं देऊळ आहे आणि भर समुद्रात चक्क गोड्या पाण्याची विहीर. पाणी चढायला लागलं की फोटो पुरे, मुकाट्याने परत फिरा.

उन्हाळ्यात गेलात तर पांढऱ्या कांद्याची माळ घ्याच.