प्राचीन दागिने आणि वेशभूषा: ऑनलाइन कोर्स घ्यावा का?

वस्तू हातात न घेता, नुसत्या ऑनलाइन कोर्सवर प्राचीन दागिने आणि वेशभूषेचा इतिहास शिकता येईल का, असं तुम्ही विचारलंय. येतो, आणि चांगला येतो. फक्त कोर्स निवडताना त्यात किती संस्कृती कोंबल्यात ते बघू नका. ‘हे आपल्याला कशावरून कळलं?’ हा प्रश्न शिकवणारे पुन्हा पुन्हा घेतात का, ते बघा.

प्राचीन मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) उर शहराच्या राजस्मशानातलं पुआबी राणीचं शिरोभूषण घ्या. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना ते १९२०च्या दशकात सापडलं, तेव्हा मातीच्या भाराने पार चेपलेलं होतं. सोन्याची पानं, फिती, लाजवर्द या निळ्या दगडाचे आणि लाल अकीकाचे मणी उरले होते. ज्या दोऱ्यात ते ओवले होते तो कधीच कुजून गेला होता. आज संग्रहालयात दिसते ती मांडणी म्हणजे अभ्यासकांनी केलेली जुळणी. मणी जमिनीत कसे पडले होते तिथपासून सुरुवात करणारा कोर्स घ्या. ‘राणी असं घालायची’ एवढं सांगून पुढच्या स्लाइडवर जाणारा सोडून द्या.

कापडाचं तर याहून अवघड, कारण ते टिकतच नाही. म्हणून इजिप्तमधला तारखानचा पोशाख मला फार मोलाचा वाटतो. पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्या उत्खननात मळक्या कापडांचं गाठोडं मिळालं होतं. त्यातून हा चुण्या घातलेल्या बाह्यांचा लिननचा (जवसाच्या धाग्याचा) कपडा १९७७ साली बाहेर आला. कार्बन चाचणीनुसार तो इ.स.पू. ३४८२ ते ३१०२ या दरम्यानचा. कोपराशी आणि बगलेत पडलेल्या सुरकुत्या अजून दिसतात, म्हणजे कुणीतरी तो खरोखर वापरला होता! जिथे कापडाचा धागाही उरलेला नाही, तिथे सांगाड्याच्या दोन्ही खांद्यांपाशी सापडलेल्या पिनांवरून वस्त्र खांद्यावर अडकवलेलं होतं, असा अंदाज बांधतात. दागिना आणि पोशाख एकत्र शिकायचा तो याचसाठी.

शिल्पांच्या बाबतीत जरा सावध राहा. मध्य प्रदेशातल्या भारहूतच्या स्तूपावरच्या यक्षींची मेखला, गळ्यातले हार बारकाईने अभ्यासावेत असेच आहेत. पण त्या देवता आहेत, आणि कोरणाऱ्याचे स्वतःचे संकेतही त्यात आहेत. त्यावरून त्या काळच्या सगळ्या बायका अशाच नटायच्या असं म्हणता येत नाही. ग्रीक पुतळे आज पांढरे दिसतात, मूळचे रंगवलेले होते. वस्त्रावरची नक्षी त्या रंगातच होती.

ऑनलाइन शिकताना वस्तूचं वजन आणि मागची बाजू हुकते, हे खरं. मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर मापं असतात, कधी वजन आणि मागचे फोटोही. ते उघडून दागिना खऱ्या मापात कागदावर काढा. अडकवायचा फासा कुठे, भोक कुठून कुठे, काय झिजलंय, हे काढतानाच लक्षात येतं. आणि दोन कोर्समध्ये अडलात तर जिथे तुमचं लिखाण कुणीतरी वाचून दुरुस्त करून देतं, तो घ्या.