धड नाव नसलेला विषय घ्यावा का?

प्रश्न: ताई, मी अमेरिकेत इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये बॅचलर्स करतेय, तिसरं वर्ष. पुढच्या सेमिस्टरला 'स्पेशल टॉपिक्स' म्हणून ३ क्रेडिटचा कोर्स आहे, यावेळी त्यात क्लाउड सिक्युरिटी शिकवणारेत. बाबा पुण्याहून म्हणतात, ज्या विषयाला धड नाव नाही त्यावर एवढी फी कशाला घालवायची? काय करू?

उत्तर: अगं, बाबांचं चुकत नाहीये, आपल्याकडे विषय म्हटला की ठरलेला सिलॅबस, ठरलेला पेपर पॅटर्न आणि मागच्या पाच वर्षांचे पेपर, त्यामुळे कोर्स नंबर तोच पण आत दरवेळी वेगळंच काहीतरी हे त्यांना विचित्र वाटणारच. पण तिकडे नवीन कोर्सला कायमचा नंबर मिळायचा तर डिपार्टमेंट, मग कॉलेजची कमिटी, मग युनिव्हर्सिटीची, असं सगळीकडून पास व्हावं लागतं आणि तोवर टेक्नॉलॉजी पुढे निघून जाते, म्हणून प्राध्यापक आधी स्पेशल टॉपिक्समध्ये शिकवून बघतात, चाललं तर पुढे तोच रेग्युलर कोर्स होतो. म्हणजे हा फालतू विषय अजिबात नाही.

तरी माझं स्पष्ट मत, डेटाबेस, नेटवर्किंग आणि सिस्टिम्स अॅनालिसिस पक्कं झालं असेल तरच घे. प्रोग्रॅमिंग कच्चं असेल तर आधी ते कर. बघ ना, एसीएम आणि एआयएस या कम्प्युटिंग आणि इन्फर्मेशन सिस्टिम्समधल्या व्यावसायिक संस्थांच्या २०१०च्या मॉडेल अभ्यासक्रमात प्रोग्रॅमिंग कोअरमध्ये नव्हतं, २०२०च्या आवृत्तीत ते परत आवश्यक केलं, उगाच नाही केलं.

रजिस्टर करण्याआधी अॅडव्हायजरला ईमेल करून लेखी विचार की हा मेजर इलेक्टिव्ह, म्हणजे मुख्य शाखेतला ऐच्छिक विषय, म्हणून धरणार का. पुढे दुसरा टॉपिक घेतलास तर नंबर तोच असल्यामुळे सिस्टिम कधीकधी त्याला रिपीट समजते आणि क्रेडिट मोजतच नाही, मुलांना हे ग्रॅज्युएशनच्या तोंडावर कळतं आणि मग नुसती धावपळ. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, टॉपिकचं नाव येतं का तेही विचार, नुसतं 'स्पेशल टॉपिक्स' वाचून इंटरव्ह्यूवाल्याला काय कळणार? आणि तू एफ-वन म्हणजे स्टुडंट व्हिसावर असशील तर क्लास ऑनलाइन आहे का बघ, फुल टाइमच्या १२ क्रेडिटमध्ये ऑनलाइनचे जास्तीत जास्त ३च धरतात.

प्राध्यापकांकडून सिलॅबस आत्ताच मागून घे, प्रोजेक्ट किती, हातानं काय करायचंय ते वाच आणि तोच बाबांनाही पाठव. पुढे मास्टर्सला अप्लाय करताना तो लागू शकतो, जपून ठेव.