बुडणारा माणूस ओरडत नाही : पाण्याबद्दलचे तुमचे प्रश्न

25 जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस, संयुक्त राष्ट्रांनी 2021 मध्ये जाहीर केलेला. त्या निमित्ताने पाण्यातल्या सुरक्षिततेवर प्रश्न मागवले होते. पोहायला आणि जीव वाचवायला शिकवणाऱ्या आमच्या ताईंनी दिलेली ही उत्तरं.

प्रश्न : ताई, मागच्या महिन्यात आम्ही स्विमिंग पूलवर होतो. चार मोठी माणसं काठावरच बसलेली, तरी माझा साडेतीन वर्षांचा मुलगा पाण्यात कधी गेला ते कुणालाच कळलं नाही. शेजारच्या एका बाईंनी उचलला म्हणून वाचला. ना ओरडला, ना पाणी उडालं. तेव्हापासून मला झोप लागत नाहीये. आम्ही इतके निष्काळजी आहोत का?

उत्तर : आधी त्याला जवळ घ्या, तो वाचलाय. आणि तुम्ही जे पाहिलंत ना, ना ओरडणं ना पाणी उडणं, बुडणं बहुतेक वेळा असंच दिसतं. बुडणाऱ्याचं तोंड पाण्याच्या वर येतं ते जेमतेम एक श्वास घेण्यापुरतं, त्यात हाक मारायला हवाच उरत नाही. हात वर करून हलवताही येत नाहीत, ते आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. शरीर उभंच्या उभं, पाय जवळजवळ स्थिर, डोकं मागे कललेलं, लांबून बघणाऱ्याला वाटतं की शिडी चढायचा खेळ चाललाय. फ्रँक पिया नावाच्या अमेरिकन लाईफगार्डने खऱ्या बचावांचं चित्रीकरण करून हे सगळं बारकाईने मांडलं, आणि त्यांच्या निरीक्षणात माणूस असा वर टिकतो तो फक्त 20 ते 60 सेकंद. लहान मुलाला तर त्याहून कमी वेळ मिळतो.

आता चार मोठ्या माणसांबद्दल. चौघं असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पूलवर गेले की आधी विचारते, आत्ता बघायची पाळी कुणाची? एकाचं नाव ठरवा, पंधरा मिनिटांनी दुसऱ्याचं, आणि ज्याची पाळी आहे त्याने मोबाईल पिशवीत टाकायचा, गप्पा नाहीत, पुस्तक नाही. पाच वर्षांच्या आतलं मूल असेल तर नुसती नजर पुरत नाही, हात लांब केला की ते हाताला लागलं पाहिजे. घरी पूल असेल तर चारही बाजूंनी कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक हवंच. आणि घरातली बादली, टब वापरून झाला की लगेच उपडा करा, लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, ते वाकलं की तोंडावर पडतं आणि त्याला परत वर येता येत नाही, त्याला बुडायला 5 सेंटीमीटर पाणी पुरतं.

प्रश्न : मी कॉलेजमध्ये आहे, मला बऱ्यापैकी पोहता येतं. मित्र बुडत असेल तर उडी मारायचीच ना? उभं राहून बघत बसणं जमणार नाही मला.

उत्तर : बघत बसू नकोस, पण उडीही मारू नकोस रे. बुडणारा माणूस जे हाताला लागेल त्यावर चढतो, मग तो जिवलग मित्र का असेना, त्याच्या डोक्यात त्या क्षणी फक्त हवा असते. वाचवायला गेलेले बुडतात ते यामुळेच, आणि त्यातले कित्येक चांगले पोहणारे असतात.

मग करायचं काय? मोठ्याने ओरडून माणसं गोळा कर, एकाला इमर्जन्सी नंबरला फोन करायला लाव, आणि बुडणाऱ्याकडे तरंगणारं काहीतरी फेक. झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन उत्तम, त्यात थोडंसं पाणी ठेवलंस तर तो वाऱ्याने भरकटत नाही, नीट लांब जातो. दोरी असेल तर कॅनला बांध. जवळ असेल तर काठी, फांदी, टॉवेल पुढे कर, पण स्वतः काठावर पालथा झोपून, नाहीतर तो ओढेल आणि तूही आत. हात धरून साखळी करत पाण्यात उतरणं मला अजिबात पटत नाही, एकाचा पाय सुटला की मागचेही जातात. पाण्यात जायची वेळ आलीच तर तुझ्या आणि त्याच्यामध्ये तरंगणारी वस्तू असू दे, ती त्याच्याकडे ढकल, स्वतः लांब राहा.

अजून एक, जे घाईत सगळे विसरतात. तो पाण्याखाली गेला तर एका माणसाने फक्त त्या जागेकडे बोट दाखवत उभं राहायचं, नजर हलवायची नाही. पलीकडच्या काठावरचं झाड, खांब काहीतरी खूण पकडायची. दोन सेकंद मान वळवली की पाणी सगळीकडे सारखंच दिसतं आणि शोधणाऱ्यांची मोलाची मिनिटं जातात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्या लहानपणी बुडालेल्याला पालथं घालून पोट दाबायचे, पाय धरून उलटं गरगर फिरवायचे, पाणी बाहेर आलं की लोक समाधान पावायचे. आता हे करू नका म्हणतात, कारण समजावून सांगाल का?

उत्तर : सर, ते बाहेर येणारं पाणी बहुतेक पोटातलं असतं. फुफ्फुसात गेलेलं पाणी त्या मानाने थोडं असतं आणि ते दाबून निघत नाही. उलट पोट दाबलं की उलटी होते आणि तीच श्वासनलिकेत जाते. सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे त्यात वेळ जातो, ऑक्सिजन नसेल तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तुम्हाला आवडेल म्हणून सांगते, 1767 साली ॲमस्टरडॅममध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली होती, तिने तोंडाने श्वास द्यायला तेव्हाच सांगितलं होतं, पण उपायांच्या त्याच यादीत तंबाखूचा धूर देणंही होतं! धूर गेला, श्वास राहिला.

बुडालेल्याचं हृदय थांबतं ते मुळात हवा न मिळाल्याने, म्हणून इथे आधी श्वास. त्याला उताणा कठीण जमिनीवर ठेवा, हाक मारा, खांदे हलवा, प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं की डोकं मागे, हनुवटी वर, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, छाती उचललेली दिसली पाहिजे. युरोपातल्या नियमांत सुरुवातीला 5 श्वास, अमेरिकेतल्या 2, तुम्ही जे शिकलात ते करा, वाद घालत बसू नका. मग छातीच्या मधोमध 30 दाब, 2 श्वास, परत 30 दाब. वेग मिनिटाला 100 ते 120, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली गेली पाहिजे. तोंडातून फेस येतो, तो पुसत बसायचं नाही, चालू ठेवायचं. उलटी झाली तर कुशीवर वळवून तोंड साफ करायचं आणि परत सुरू. श्वास देणं जमतच नसेल तर निदान दाब तरी देत राहा. आणि तो उठून बसला, बोलायला लागला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फुफ्फुसाचा त्रास पुढच्या काही तासांत वाढू शकतो. हे वाचून येत नाही सर, एक दिवसाचा सीपीआरचा, म्हणजे असे श्वास आणि दाब द्यायला शिकवणारा, क्लास करा, गुडघे साथ देत नसतील तर घरातल्या तरुणांना पाठवा.

प्रश्न : समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात होतो, अचानक आत ओढला गेलो. किनाऱ्याकडे जीव तोडून पोहलो पण जागचा हललो नाही. कसाबसा वाचलो. माझं काय चुकलं?

उत्तर : तुम्ही परतीच्या प्रवाहात सापडलात. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत जातं, आणि गंमत नाही, खरंच सांगते, तो पट्टा बहुतेक वेळा शांत दिसतो कारण तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून लोक नेमके तिथेच उतरतात. त्याचा वेग कधी सेकंदाला अडीच मीटरपर्यंत जातो, तिथे कुणीच त्याच्या विरुद्ध दिशेने पोहू शकत नाही. तो तुम्हाला खाली ओढत नाही, फक्त बाहेर नेतो. त्यामुळे आधी पाठीवर व्हा, कान पाण्यात, तोंड वर, श्वास ताब्यात आणा, एक हात वर करून मदत मागा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर निघा आणि मगच तिरकं किनाऱ्याकडे या.

प्रश्न : दंडावरचे फुगे घातले की मूल सुरक्षित ना?

उत्तर : नाही. ते निसटतात, फुटतात, ते खेळणं आहे. मापाचं लाईफ जॅकेट घ्या, बक्कल लावून खांद्याला धरून वर उचलून बघा, कानापर्यंत सरकलं तर मोठं आहे, बदला.

प्रश्न : गाडी पाण्यात गेली तर आधी फोन करायचा की बाहेर पडायचं?

उत्तर : बाहेर पडायचं. पहिलं मिनिटच हातात असतं. बेल्ट सोडा, काच खाली करा, मुलांना आधी काचेतून बाहेर काढा, मागून तुम्ही. दार उघडायच्या फंदात पडू नका, बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही आणि उघडलंच तर गाडी भराभर भरते. म्हणून काच उतरत नसेल तर फोडायचं साधन हाताशी ठेवा, डिकीत नको. फोन काठावर आल्यावर.