लिनक्स टाकलं आणि वायफाय गायब झालं. पुन्हा विंडोज टाकून घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबर 2025 मध्ये विंडोज 10 चे अपडेट बंद झाले म्हणून जुन्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली, बाकी सगळं चालतंय, पण घरचं वायफाय दिसतच नाही. घरचे म्हणतात दुकानात द्या आणि विंडोज परत टाकून घ्या. राउटर बदलावा का, असंही विचारलंय.

दुकानात देऊ नका. निदान उद्यापर्यंत तरी देऊ नका.

मी वाईला असते, आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. कॉम्प्युटरचं शिक्षण नाही. जुलै 2020 मध्ये मी नेमकी तुमच्या जागी होते. मुलं घरात अडकलेली, शिकवणी मोबाइलवर, आणि माझा 2014 चा लॅपटॉप विंडोज 10 घेऊन सुरू व्हायलाच दहा मिनिटं लावायचा. माझा एक जुना विद्यार्थी इंजिनिअरिंगचं कॉलेज बंद म्हणून गावी आला होता, त्याने पेन ड्राइव्हवरून मिंट टाकून दिलं. मिनिटभरात लॅपटॉप सुरू व्हायला लागला. मी खूश. तो घरी गेला आणि माझ्या लक्षात आलं की खाली उजव्या कोपऱ्यात वायफायची खूणच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या गल्लीत कोरोनाचा पेशंट सापडला, गल्ली बांबू बांधून बंद.

मी पुण्याला भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, फुकटचं घेतलं की असंच होणार. दुकान उघडलं की द्या, तासाभरात विंडोज टाकून देतील."

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. 2016 मध्ये लॅपटॉप हळू झाला तेव्हाही त्यांनीच सांगितलं होतं की दुकानात द्या, फॉरमॅट मारतील, डी ड्राइव्हला हात लागत नाही. मी दिला. परत आला तेव्हा डी ड्राइव्ह रिकामा होता. मी पाच वर्षं रात्री बसून टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका, प्रत्येक प्रकरणाच्या, उत्तरांसकट, भूमितीच्या आकृत्या एकेक रेघ ओढून काढलेल्या, सगळ्या गेल्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितलं नाही." भाऊजी म्हणाले, "बॅकअप घ्यायला हवा होता, वहिनी." बॅकअप घ्यायला हवा होता हे खरंच. पण हात लागत नाही असं ज्यांनी सांगितलं त्यांनी ही गोष्ट माझ्यावर ढकलावी, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

म्हणून त्या जुलैत मी ठरवलं, हा लॅपटॉप आता घराबाहेर जाणार नाही.

त्या मुलाने फोनवर एकच गोष्ट सांगितली: "मॅडम, नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही, आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. आधी मोबाइलमधून नेट द्या." ड्रायव्हर म्हणजे वायफाय कार्ड चालवणारं छोटं सॉफ्टवेअर. मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडायचा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करायचं. बहुतेक अँड्रॉइड फोन स्वतः घरच्या वायफायवर असले तरी केबलमधून ते नेट पुढे देतात, डेटा पॅक खर्च होत नाही. माझं पहिल्यांदा झालं नाही, कारण केबल फक्त चार्जिंगची होती. ती कितीही खोचा, टेदरिंगचा पर्याय उजळतच नाही. मोबाइलबरोबर आलेली मूळ केबल शोधून काढली आणि लगेच नेट आलं.

मग मेनूत ड्रायव्हर मॅनेजर उघडला. त्यात माझ्या वायफाय कार्डाचं नाव होतं, खाली दोन गोल, एक 'वापरू नका'चा आणि एक कंपनीच्या ड्रायव्हरचा. दुसरा निवडला. टाकताना त्याने एक पासवर्ड ठरवायला लावला. मी ठरवला, रीस्टार्ट केलं, आणि काळजाचा ठोका चुकला: सगळा पडदा निळा, वर 'परफॉर्म एमओके मॅनेजमेंट' असं काहीतरी, आणि दहा सेकंद उलटी मोजणी. मी घाबरून पहिलाच पर्याय दाबला, कंटिन्यू बूट. लॅपटॉप सुरू झाला. वायफाय नाही.

तुमचंही इथेच अडकलं असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून नीट सांगते. लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाची सुरक्षा तपासणी, चालू असेल तर बाहेरून आलेला ड्रायव्हर तुमची सही असल्याशिवाय आत घेतला जात नाही. तो निळा पडदा म्हणजे सही करायची जागा. तिथे दहा सेकंदांच्या आत कुठलंही बटण दाबायचं, मग एन्रोल एमओके (एमओके म्हणजे लॅपटॉपच्या मालकाची किल्ली), मग कंटिन्यू, मग येस, मग मघाशी ठरवलेला पासवर्ड, मग रीबूट. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, तरी टाइप होत असतो. मी ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, पासवर्ड कागदावर लिहून ठेवला, आणि या वेळी निळ्या पडद्यासमोर कागद हातात धरून बसले. सुरू झाल्यावर कोपऱ्यात पट्ट्या आल्या. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी घरातल्या सगळ्यांना उठवलं.

हे सगळं का करावं लागतं, तर काही कंपन्या आपले ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, उघडपणे देतात, उदाहरणार्थ इंटेलची बहुतेक कार्डं टाकल्या टाकल्या चालतात. काही कंपन्या देत नाहीत, मग त्यांचा बंदिस्त ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. यात लिनक्सचा दोष नाही आणि तुमचा तर मुळीच नाही.

भाऊजींचं समाधान झालं नाही. गणपतीत आम्ही लॅपटॉपवरून बोलत होतो आणि मागच्या खोलीत माझा आवाज तुटत होता. लगेच म्हणाले, "बघा, लिनक्सवर वायफाय वीकच असतं." आता आमचं घर जुनं. दीड हात जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंती. केबलवाल्याने राउटर माजघराच्या कोनाड्यात बसवलेला, कारण तिथे प्लग जवळ. पुढ्यात पितळी समई आणि दोन डबे. मी टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, सिग्नलचा आकडा बघितला, शंभरातले 38. त्याच जागी मोबाइललाही दोनच पट्ट्या. मोबाइलवर तर कुणी दोष ठेवला नव्हता! दहा मीटरची लॅनची वायर आणली, राउटर कोनाड्यातून काढून सोप्यात दाराच्या वर उंच खिळ्याला टांगला. त्याच खुर्चीवर, त्याच लॅपटॉपवर 71. हे मी त्यांना त्याच रात्री फोटोसकट पाठवलं. आणि हेही कळवलं की आमच्या राउटरसारख्या बहुतेक घरगुती राउटरच्या आत लिनक्सच चालतं. 2003 मध्ये लिंकसिसला आपल्या डब्ल्यूआरटी54जी राउटरचा सोर्स कोड उघड करावा लागला तो त्यात लिनक्स होतं म्हणूनच, आणि त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची फुकट प्रणाली आली. त्यांच्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा कर्नलही लिनक्सचाच. फुकटचं म्हणून नावं ठेवणारा माणूस दिवसभर तेच वापरत असतो.

तेव्हा राउटर बदलण्याआधी त्याची जागा बदला. लोखंडी कपाटामागे, फ्रिजवर, पाण्याच्या टाकीजवळ, कोनाड्यात नको.

तुमच्याकडे वायफायची खूण आहे पण फक्त स्वतःचंच नेटवर्क दिसत नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी. जुनी बरीच कार्डं फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झ पकडतात. राउटर 5 वर चालत असेल तर मोबाइलला दिसेल, लॅपटॉपला नाही. राउटरमध्ये 2.4 चालू करा, चॅनेल 1, 6 किंवा 11 ठेवा, आणि सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए3 वर असेल तर डब्ल्यूपीए2 करून बघा. वायफाय एकदम मेलेलंच वाटत असेल तर टर्मिनलवर 'rfkill list' (आरएफकिल लिस्ट) ही आज्ञा चालवा. हार्ड ब्लॉक्ड येस आलं तर बहुधा लॅपटॉपवरचं वायफायचं किंवा विमानाचं चित्र असलेलं बटण दाबलं गेलंय, वायफायच्या ड्रायव्हरचा सहसा संबंध नसतो. दर थोड्या वेळाने तुटत असेल तर नेटवर्क मॅनेजरच्या फाइलमध्ये वायफायचं पॉवरसेव्ह 3 चं 2 करा, म्हणजे ते बंद होतं.

काहीच जमलं नाही तर यूएसबी डोंगल, म्हणजे बाहेरून खोचायचं छोटं वायफाय कार्ड, घ्या, पण डब्यावरचं मॉडेल बघून घेऊ नका, आतली चिप कोणती ते विचारा. मॉडेल तेच ठेवून चिप बदललेली असते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. तुमचं काम डिजिटल सहीच्या टोकनवर, टॅलीवर किंवा जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरवर चालत असेल तर विंडोज ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. आणि काहीही करण्याआधी फायली पेन ड्राइव्हवर घ्या. दुसऱ्याकडे लॅपटॉप देताना तर नक्कीच, मग तो घरचा माणूस का असेना.

आता एवढं करा: मोबाइल केबलने जोडा, टर्मिनल उघडा, एल एस पी सी आय ही पाच अक्षरं इंग्रजी लहान लिपीत लिहून एंटर मारा, आणि ज्या ओळीत 'नेटवर्क कंट्रोलर' असेल ती ओळ जशीच्या तशी इथे टाका. संध्याकाळी सातनंतर शिकवणी संपली की मी बघते.