शिंगाडा शेंगेवरून आला का?

सोलापूरच्या एका ताईंनी विचारलंय: ‘उपवासाला दाण्याचं कूट आणि शिंगाड्याचं पीठ ही आमच्याकडची ठरलेली जोडी. सासूबाई शिंगाड्याला “शेंगाडा” म्हणतात. हा शब्द शेंगेवरून आलाय का? आणि शिंगाडा हा रताळ्यासारखा कंदच ना?’

ज्या गावात शेंगाचटणीवाचून भाकरी घशाखाली उतरत नाही, तिथं सगळीकडे शेंग ऐकू आली तर नवल नाही. पण या शब्दात शेंग नाही, शिंग आहे.

मूळ संस्कृत शब्द ‘शृङ्गाटक’. शृंगाचं शिंग झालं. दोन स्वरांमधल्या ‘ट’चा ‘ड’ झाला आणि शेवटचा ‘क’ गळून ‘आ’ उरला. ‘घोटक’चा ‘घोडा’ झाला तो याच वाटेनं. प्राकृतात ‘सिंघाडग’ असं रूप आहे. हिंदीनं त्यातला ‘घ’ सांभाळला. मराठीला ‘इ’च्या आधी ‘स’पेक्षा ‘श’ आवडतो, म्हणून आपला शिंगाडा.

गंमत म्हणजे शृङ्गाटक म्हणजे चव्हाटाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात तो ‘चतुष्पथ’ या शब्दाच्या जोडीला बसलाय. टोकं फुटलेला आकार दिसला की हा शब्द हजर. बंगालीत तर ‘शिंगाडा’ म्हणजे चक्क समोसा. पाण्यातल्या फळाला ते ‘पानिफल’ म्हणतात.

आता कंदाचं. शिंगाडा कंद नाही, फळ आहे. आपल्याकडे तो बहुधा वाळून किंवा पीठ होऊनच येतो, म्हणून हा घोळ होतो. पूर्व विदर्भातल्या तळ्यांत मासेमारी करणारी ढीवर मंडळी तो लावतात, तिथं कुणी त्याला कंद म्हणणार नाही. वेल तळाच्या चिखलात रुजते आणि पानांचा झुबका पाण्यावर तरंगतो. पानांचे देठ मधेच फुगीर, स्पंजासारखे, आत हवा भरलेली. फूल पांढरं, चार पाकळ्यांचं. कळी झाकणाऱ्या हिरव्या दलांपैकी दोन पुढं कडक होतात, तीच ही शिंगं. आत बी एकच. त्याच्या दोन डाळिंब्यांपैकी एक नावापुरती, दुसरी पिठानं गच्च भरलेली. आपण खातो ती ही दुसरी. लॅटिन नाव ‘ट्रापा’ तेही काट्यावरूनच पडलंय: शत्रूचे घोडे अडवायला वाटेत टाकायच्या लोखंडी काट्यांवरून. पाण्यातला सराटाच म्हणा.

(इंग्रजीत शिंगाड्यालाही ‘वॉटर चेस्टनट’ म्हणतात, पण चायनीज पदार्थांतलं कुरकुरीत ‘वॉटर चेस्टनट’ बहुतेक वेळा वेगळं असतं. ती लव्हाळ्याच्या कुळातली वनस्पती आणि तो मात्र खरोखर कंद. कंदाचा गैरसमज याही नावानं वाढवलाय.)

तरी सासूबाईंची बाजू मी अगदीच सोडणार नाही. भुईमुगाचं फूल वर उमलतं, मग आऱ्या, म्हणजे फुलातून निघणाऱ्या बारीक दांड्या, खाली जमिनीत शिरतात आणि शेंग मातीत धरते. शिंगाड्याचंही फूल पाण्याच्या वर उमलतं, मग देठ वाकतो आणि फळ पाण्याखाली पोसतं. दोघांचाही संसार खाली मान घालूनच. पण एवढ्यावरून सोयरीक जुळत नाही. भुईमूग शेंगावर्गीय, तर शिंगाडा आजच्या वर्गीकरणात मेंदीच्या कुळात. त्याच कुळात आता डाळिंबही धरतात. म्हणजे सांगोल्याच्या माळावर ठिबकवर वाढणारं डाळिंब आणि तळ्यात तरंगणारा शिंगाडा हे भाऊबंद.

तेव्हा घरात ‘शेंगाडा’ चालू द्या, डब्यावर चिठ्ठी लावताना मात्र शिंगाडा लिहा. आणि पिशव्यांवर छापतात तसं ‘शिंगाडा पीठ’ नको, ‘शिंगाड्याचं पीठ’. घोड्याचा नाल म्हणतो, घोडा नाल नाही.